गंगाजळाचा स्नानसंस्कार

बाळकुमच्या बायजाबाईंना माणसं वाचायची खोड होती, आणि त्यांच्या विहीणबाई फिलोमिना म्हणजे तर मोठ्या टायपातलं पुस्तक. ओठ मुडपले की रुसवा, बोटांत जपमाळ फिरू लागली की भांडण. आज कल्याणच्या चर्चमागच्या खोलीत फादरांसमोर ती माळ गरगर फिरत होती.

प्रकरण हिवाळ्यातलं. बायजाबाईंची लेक निशा दिवस भरायच्या आत बाळंत झाली, पोर निळं पडलं. मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं. जावई डेरिक निशापाशी थांबला. अँब्युलन्समध्ये पोराजवळ बायजाबाई बसल्या. कोलशेतच्या वळणावर फिलोमिनाबाईंचा फोन आला.

"बायजाबाई, पोराचा स्नानसंस्कार करा! आत्ताच्या आत्ता!"

"अवो बाय, नाकात नली हाय पोराच्या, आंघोल कशी घालू?"

"आंघोळ नव्हे हो, बाप्तिस्मा! जीव धोक्यात असला की कुणीही देऊ शकतं, हिंदूसुद्धा. डोक्यावर पाणी ओता आणि मी सांगते ते म्हणा."

बायजाबाईंनी ओतलं, म्हटलं. पोर वाचलं, बाळसं धरलं, घसा फोडून रडायला शिकलं. सगळं झकास चाललं होतं. पण परवा गप्पांच्या भरात बायजाबाई बोलून गेल्या, की ते पाणी गंगाजळ होतं. पर्समधल्या सीलबंद लोटीतलं.

"फादर, तो बाप्तिस्मा झालाच नाही," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "पोर तसंच राहिलंय. पुन्हा द्या."

"पुन्हा देता येत नाही," फादर म्हणाले. "बाप्तिस्मा एकदाच. आधी तो झाला का, ते बघू. शब्द कोणते म्हटलेत, बायजाबाई?"

"पित्याच्या, पुत्राच्या आनि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते."

"चोख. पाणी वाहिलं डोक्यावरून?"

"कानात गेलं त्याच्या. पदरानं टिपलं मी."

"पण गंगेचं, फादर!" फिलोमिनाबाईंना राहवेना.

"पाणी ते पाणी. येशूनं बाप्तिस्मा घेतला त्या यार्देन नदीला तरी कुठे फिल्टर लावला होता?" मग फादर खुर्चीत पुढे सरकले. "आता खरा प्रश्न. ओतताना मनात काय होतं?"

माळ थांबली. बायजाबाईंच्या लक्षात आलं, घोडं इथेच अडलंय. 'येशूवर श्रद्धा होती' म्हटलं की विहीणबाई खूश, विषय मिटला. पण पोराच्या डोक्यावर खोटं ठेवून त्याला कुठे पोचवणार?

"खरं सांगते, फादर. लोटी घेतलेली ती, पोराच्या तोंडात मरताना दोन थेंब घालायला. आमची रीत. आशा सुटलेली माझी. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मी म्हटलं, पोर ह्यांच्याही घरचं हाय. तोंडात नाय घातलं. ह्यांच्या चर्चमधी जे करतात, तेच करायचं म्हनून डोक्यावर ओतलं. मना त्यातलं काय कलत नाय. पन करायचं तेच होतं."

फादरांनी टेबलावर थाप मारली. "झाला! पक्का झाला! चर्च जे करतं ते करायचा हेतू, एवढंच लागतं. माझ्या हातून झाला असता त्याहून तसूभर कमी नाही. उरलेले विधी रविवारी करू. पाणी मात्र पुन्हा नाही."

फिलोमिनाबाईंनी डोळे पुसले. रडू होतं की हरल्याची चिडचिड, हे या वेळी बायजाबाईंनाही वाचता आलं नाही.

"एक इचारू, फादर? फोन लागलाच नसता, नि पोर तसंच गेलं असतं तर? तुमच्या देवानं दाराबाहेर ठेवलं असतं?"

"देवानं आपल्याला दार दाखवलंय, बायजाबाई. आपण त्याच दारानं जायचं. पण घर त्याचं आहे. एखाद्या पोराला तो खिडकीतूनही उचलून घेईल."

"हां. मंग शाना हाय तुमचा देव."

"बायजाबाई!" फिलोमिनाबाई कडाडल्या, आणि कडाडता कडाडता त्यांना हसू फुटलं. "बरं, रविवारी पोराची धर्ममाता म्हणून उभी कोण राहणार?"

"मी."

"ते नाही जमायचं," फादर म्हणाले. "धर्ममाता कॅथलिकच लागते."

"वा रे न्याय! बाप्तिस्मा द्यायला मी चालते, नि बाजूला उभं राहायला नाय?"

फादर कानाची पाळी चोळू लागले. फिलोमिनाबाई उठल्या. "धर्ममाता मी होते," त्या म्हणाल्या. "पण माझे गुडघे दुखतात, मला एवढं ओझं पेलवत नाही. पोराला तुम्ही धरा."

"सगला येल?"

"सगळा वेळ. आणि रडला तर तुम्हीच बघा."