एका दमात

“थांबू नका! जिथे श्वास घ्याल तिथे कात्री लागेल!” सुमेधा ओरडली. द हेगच्या त्या वृद्धाश्रमात एरवी एवढ्या मोठ्याने कुणी बोलतसुद्धा नसे.

योहानाबाई खोकत खुर्चीत मागे कोसळल्या. वय नव्वदीकडे झुकलेलं, छातीचं खोकं झालेलं, नाकाला प्राणवायूची नळी. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

एके काळी या बाई हॉलिवूडच्या पडद्यावर झळकल्या होत्या. स्टुडिओने त्यांचं नाव बदललं, दात बदलले. मग एका बड्या दिग्दर्शकाच्या सिनेमात त्यांनी गाळलेला एकच अश्रू जगभर गाजला. गाळलेला कसला! मेल्याने सगळ्या युनिटसमोर डाव्या गालावर थपडांवर थपडा मारून तो काढला होता. बाईंनी बोभाटा केला, तशी कामं बंद झाली. पुढे मुलाखतींत सांगितलं, तर नेमकं तेवढंच कापलं गेलं. अजूनही तोंड धुताना सुमेधाचा हात त्या गालाकडे गेला की बाई मान फिरवत.

आता, २०१४ साली, त्या दिग्दर्शकाच्या जन्मशताब्दीचा माहितीपट निघाला होता. त्याच्या नट्यांपैकी या एकट्याच उरलेल्या, त्यामुळे टीव्हीवाले दारी येणार होते. त्यांना हवी असलेली स्तुती आणि त्या थपडा, दोन्ही एका वाक्यात, एका दमात म्हणायचं बाईंनी ठरवलं होतं. कात्रीला फट ठेवायचीच नाही. लग्न होऊन इकडे येण्याआधी, या आश्रमात सेविका होण्याआधी, सुमेधाने पुण्यात एकांकिका गाजवल्या होत्या. दम कसा पुरवायचा हे तिला ठाऊक होतं.

“साठ वर्षं झाली गं. तो माणूस मेलासुद्धा,” तिचा नवरा विनय म्हणाला. “सोडून द्यावं ना म्हातारीने.”

“तुला कुणी चारचौघांत थोबाडलं असतं तर सोडलं असतंस? मेला म्हणून काय झालं? आरत्या ओवाळतायत ना अजून!”

विनयने ताटातली पोळी मोडली.

टीव्हीवाले आले. बाईंनी नळी काढायला लावली. एकेका प्रश्नाला त्या नुसत्या गोड हसत राहिल्या. शेवटी मुलाखतकार काकुळतीला आला. “बाई, निदान त्या अश्रूबद्दल तरी सांगा.”

कॅमेऱ्यामागून सुमेधाने पोटावर हात ठेवून खूण केली. बाईंनी छाती भरून घेतली.

“त्याच्यासारखा थोर दिग्दर्शक दुसरा झाला नाही कारण मला उत्तम अभिनय येत असताना त्याने थोबाडीत मारून मारून माझं जे रडू काढलं त्यालाच तुम्ही सगळे आजवर माझा अभिनय म्हणत आलात.”

शेवटचे शब्द नुसते फुसफुसत निघाले. पण निघाले.

मुलाखतकाराचा चेहरा उतरला. “फक्त पहिला भाग पुन्हा एकदा...?”

“पुन्हा पुन्हा टेक घ्यायचा तो,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “माझ्याकडे एकच टेक असतो.”

“हेच ठेवावं लागणार,” कॅमेरावाला पुटपुटला. “दुसरं आहे काय आपल्याकडे?”

बरी जिरली! सुमेधाला तिथेच नाचावंसं वाटलं.

ते गेल्यावर तिने नळी परत लावली आणि ओल्या कापसाने बाईंची पावडर पुसायला घेतली. उजवा गाल झाला. डाव्यापाशी तिचा हात सवयीने थबकला.

“पूस की,” बाई म्हणाल्या, आणि मान फिरवली नाही.