दुसऱ्या ओळीवर अडलो

मी बोलतोय, लातूरच्या एका डाळ मिलच्या कॉम्प्युटरात राहणारा पायथॉनचा छोटा प्रोग्राम. मला हात नाहीत, पाय नाहीत. काम एकच, वाचायचं.

धर्माबादच्या शिल्पाने मला लिहिलं. वजनकाट्यावरून एक्सएमएल फाईल येते. तिच्यात प्रत्येक गाडीची माहिती खुणांच्या मध्ये नीट बंद केलेली असते. ती वाचून मी फाटकावरच्या बोर्डावर नंबर लावतो, मग तुरीची गाडी आत येते. पूर्वी पुकारा व्हायचा. जो मोठ्याने ओरडेल तो आधी आत. ते थांबावं म्हणून शिल्पा झटली.

एका सकाळी मी अडलो. 'दुसऱ्या ओळीवर चूक,' एवढं सांगून थांबलो. बोर्ड काळा पडला. फाटकावर पुन्हा ओरडा सुरू झाला.

मालक शंकरप्पा आले. "ताई, तुमच्या मशीनला आज उपास हाय का? दुपारपर्यंत बघतो. न्हाई तर उद्यापासून पुन्हा पुकारा."

शिल्पा वाद घालत बसली नाही. तिने दुसरी ओळ अक्षर अक्षर तपासली. बरोबर होती. खालच्या खुणा पाहिल्या. उघडलेली प्रत्येक खूण बंद होती. मला पुन्हा चालवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला दुसरं सांगताच येत नाही.

"काका, फाईलला हात लावला होता का?" तिने काट्यावरच्या ग्यानोबांना विचारलं.

"मुरुडची एक गाडी राहिली व्हती, तेवढी टाकली. दुसरं काई न्हाई, माय."

शिल्पा त्याच ओळीकडे बघत राहिली. 'ही एक्सएमएल फाईल आहे' असं सांगणारी ओळ.

"अगं बाई, ही तर सगळ्यात वर पाहिजे! वरची ओळ कोरी कशी?"

"श्रीची जागा सोडली," ग्यानोबा हळूच म्हणाले. "लिहायच्या आधी सोडायचीच की. पण या बटनांवर श्री कुठं हाय?"

शिल्पा हसली. "तुमचा श्री एक ओळ खाली घेते, काका." तिने कोरी ओळ काढली आणि दुसऱ्या ओळीत, टिपणाच्या खुणांमध्ये, श्री लिहिला.

मी धावलो. बोर्ड लागला. मुरुडची गाडी आत आली. शंकरप्पांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

आता रोजच्या फाईलमध्ये तो श्री असतो. मी कधी अडलो तर चिडू नका. अडलो तिथून जरा वर पाहा.

टिपणातलं मी वाचायचं नाही, असा नियम आहे. मी वाचत नाही. फक्त त्या ओळीवरून जाताना जरा हळू जातो.