उत्साहवर्धक पावलं

संयुक्त राष्ट्रांत आपला देश कुठल्याच देशाविरुद्धच्या मानवी हक्कांच्या ठरावाला पाठिंबा देत नाही, तटस्थ राहतो. का राहतो, हे सांगणारं दीड पानी निवेदन दरवर्षी परराष्ट्र खात्यातल्या आमच्या कक्षात तयार होतं. म्हणजे गेल्या वर्षीचं काढायचं, तारीख आणि ठरावाचा क्रमांक बदलायचा. आमचा टंकलेखक त्याला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणतो.

या वर्षीही एक ठराव शेजारच्या देशाबद्दल होता. माझे भाऊजी, ताईचे यजमान, तिथल्या तुरुंगात आहेत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. एका अर्जावर सही केली, एवढंच. चौदा महिन्यांत पत्र नाही. ताई तेव्हापासून माझ्याकडे राहते. फाइल आली त्याच दिवशी मी हे नातं साहेबांना लेखी कळवलं. त्यांनी ‘पाहिले’ लिहून सही केली आणि फाइल माझ्याकडेच ठेवली.

पाचव्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘कैद्यांच्या सुटकेच्या दिशेने त्या देशाने अलीकडे टाकलेल्या उत्साहवर्धक पावलांची आम्ही नोंद घेतो.’ कोणती पावलं, ते कुठेच नव्हतं. जुन्या फाइली काढल्या. वाक्य सहा वर्षं तसंच येत होतं, सहाही वर्षं ‘अलीकडे’, आणि आधाराचा एक कागदही नाही. मी ते खोडलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. पाच महिन्यांत ते निवृत्त होणार होते. चष्मा काढून डोळे चोळत त्यांनी समजावलं की वाक्य ठेवलं तर कुणी काही विचारत नाही, काढलं तर त्या देशाचा राजदूत दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. आज आपण त्यांची झाकणं उघडली, तर उद्या ते आपली उघडतील.

“पण सर, ते खोटं आहे.”

“अहो, खोटं असलं तरी जुनं आहे. जुन्याला कुणी हात लावत नाही.”

टिपणावर मतभेद नोंदवता येतो. एक ओळ पुरते. मी पेन उघडलं. दोनच वर्षांपूर्वी अशी ओळ लिहिणाऱ्या सहकाऱ्याची बदली अभिलेखागारात झाली होती, आणि घर आता माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. खोडलेल्या वाक्याखाली टिंबं दिली की ते पुन्हा कायम होतं, अशी आमच्याकडची खूण आहे. मी टिंबं दिली. शब्दागणिक एक, बारा.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर ताई इस्त्री करत होती. भाऊजींचे शर्ट. तिकडून येताना तिने दोनच आणले होते. तिने टीव्हीवर सगळं निवेदन ऐकलं होतं.

“सुटकेचं बोलले,” ती म्हणाली. “सरकारचा माणूस उगाच नाही बोलणार. काहीतरी कळलं असेल. तुला माहीत होतं ना? म्हणून गप्प होतीस.”

मी पर्स खाली ठेवली.

“ताई, ते वाक्य जुनं आहे.”

“किती जुनं?”

“सहा वर्षांचं.”

तिने मनात हिशोब केला असावा. इस्त्री हातातच होती.

“म्हणजे यांच्यासाठी नाहीच ते.”

“नाही.”

“मग काढलं का नाही कुणी?”

“मी काढलं होतं,” मी म्हणाले. “मग मीच परत ठेवलं.”

इस्त्रीचं बटण तिने बंद केलं. दुसऱ्या शर्टाची एक बाही राहिली होती. ती तशीच आत दुमडून तिने शर्टाची घडी घातली आणि दोन्ही शर्ट कपाटात सगळ्यात खाली ठेवले.