झुकलेले दहा शिक्के

शिओने नगरपालिकेत कागदावर शिक्का सरळ मारायचा नसतो, हे हात्सुएला अठरा वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. कागदावर ओळीनं अकरा चौकोन. सगळ्यात डावीकडे नगराध्यक्षांचा, मग उपाध्यक्षांचा, मग खातेप्रमुखांचा, असं उतरत उतरत पार उजव्या टोकाला आपलं गरिबाचं घर. तिथे आपल्या नावाचा लाल शिक्का जरासा डावीकडे कलता उमटवायचा, म्हणजे तो साहेबांपुढे कमरेत वाकल्यासारखा दिसतो. असा काही नियम नाही हो कुठे! पण एकदा सरळ मारून बघा म्हणजे कळेल.

जानेवारीत हात्सुएच्या हातून तो सरळ पडला. मुद्दाम नाही, घाईत. भूकंपानंतर लाट आली तर कुठे पळायचं, याचा नवा नकाशा घरोघर वाटायचा होता. टेकडीवरची प्राथमिक शाळा बंद पडून फाटकाला कुलूप लागलेलं, म्हणून तिनं शाळा खोडून त्याऐवजी डोंगरावरचा मठ दाखवला होता. नकाशा बिनचूक होता. तरी तासाभरात कागद परत आला. तिचे खातेप्रमुख कुसुनोकी यांनी वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "शिक्का ताठ आहे. नव्यानं सादर करावा."

"हात्सुएबाई, अहो, बघा तरी," ते तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले. "कसा छाती काढून उभा आहे तुमचा शिक्का! जणू नगराध्यक्षांचा सासरा!"

सगळे हसले. तीही हसली, काय करणार? कागद पुन्हा छापायला घेतला आणि तेवढ्या गडबडीत कॉम्प्युटरवर जुन्या नकाशाची फाइल उघडली गेली. शिक्का मात्र या वेळी झकास वाकवला. मग उरलेले नऊ जण आपापले शिक्के वाकवून मोकळे झाले, नगराध्यक्षांनी शेवटचा मारला, आणि जुना नकाशा तीन हजार घरांत गेला. कोणीही उघडून बघितला नाही. दहा जणांनी बघितलाय म्हटल्यावर अकराव्यानं कशाला बघावा?

फेब्रुवारीत एका सकाळी जमीन हलली, भोंगे वाजले. चौदा म्हातारी माणसं हातात नकाशा धरून शाळेच्या फाटकापाशी पोचली आणि कुलपापुढे दीड तास थंडीत कुडकुडत उभी राहिली. लाट वीतभरच आली, देवाची कृपा. पण गाव असं पेटलं की बोलायची सोय नाही. नगरपालिकेनं माफीची सभा बोलावली.

सभेच्या दिवशी दुपारी कुसुनोकींनी हात्सुएला निवेदन दाखवलं. त्यात 'एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' होता आणि खाली तिचं नाव होतं.

"नगराध्यक्ष हे वाचतील, मग तुम्ही पुढे येऊन वाकायचं. चांगलं दहा मोजेपर्यंत," ते म्हणाले. "एप्रिलपासून तुम्हाला बेटावरच्या शाखेत पाठवतोय. लोकांना काहीतरी दिसावं लागतं, बाई. मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका म्हणे! बेटावर आठवड्याला दोन बोटी, आणि इकडे घरी वडील अंथरुणाला खिळलेले. फाइल आपणच चुकीची उघडली, हे हात्सुएला ठाऊक होतं आणि ते नाकारायचंही नव्हतं. पण अकरा जणांचं खापर एकटीच्या डोक्यावर फुटावं, हे काही तिच्या गळी उतरेना. पेन्सिलीची ओळ असलेला पहिला कागद तिच्या पिशवीत होता. तो काढावा तर साहेबांची अब्रू जाते, न काढावा तर आपलं घर मोडतं.

सभागृहाच्या बाहेर नगराध्यक्ष हिरामात्सु निवेदन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. जन्मभर समुद्रशेवाळाचा व्यापार केलेला गडी, तीन वर्षांपूर्वी निवडून आलेला. अजून टाय बांधता येत नव्हता.

"ह्या तुम्हीच का?" हात्सुए दिसताच त्यांनी कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. "मुळात तो जुना नकाशा आलाच कुठून?"

"चूक माझीच आहे साहेब," हात्सुए म्हणाली आणि पिशवीतला कागद काढून दिला. "पण पहिल्यांदा बरोबर पाठवला होता."

हिरामात्सुंनी पेन्सिलीची ओळ दोनदा वाचली. "शिक्का ताठ आहे म्हणजे?"

तिनं सांगितलं. कोण कुणापुढे वाकतं, किती वाकतं, सगळं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे हे सगळे मला नमस्कार करतात?" ते अखेर म्हणाले. "तीन वर्षं मला वाटतंय, या कचेरीत एकाचाही हात सरळ नाही!"

हात्सुएला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. हिरामात्सुंनी निवेदनाची घडी करून खिशात कोंबली आणि ते आत गेले.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकारी रांगेत उभे राहून वाकले. मान वर होते ना होते तोच मागून कोणीतरी ओरडलं, "वाकणं पुरे! हे केलं कोणी, त्याचं नाव सांगा!"

"हिरामात्सु तोकुजी," नगराध्यक्ष म्हणाले. "नकाशावर शेवटचा शिक्का माझा आहे. मी नकाशा उघडलासुद्धा नाही. त्या दिवशी सोळा कागदांवर शिक्के मारले आणि जेवायला गेलो. त्याची माफी मागतो."

नगराध्यक्षानं असं बोलायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग रांगेतून कुसुनोकी पुढे आले. कान लालबुंद. "आधी बरोबर नकाशा आला होता," ते कसंबसं म्हणाले. "शिक्का ताठ आहे म्हणून तो मी परत पाठवला."

हात्सुएला कोणी बोलावलं नव्हतं. तरी ती उठली. "आणि दुसऱ्यांदा जुना नकाशा मी लावला," ती म्हणाली. आपल्या वाट्याचं तेवढंच बोलायचं होतं, आणि तेवढं बोलल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं.

"झालं का तुमचं?" पहिल्या रांगेतून उमेनो आजी म्हणाली. फाटकापाशी ताटकळलेल्या चौदांपैकी ही एक, ब्याऐंशी वर्षांची. "आता सांग तोकुजी, पळायचं कुठे?"

"मठात, आजी."

"दोनशे दहा पायऱ्या आहेत तिथे! मी वर पोचेपर्यंत लाट येऊन, चहा पिऊन परत जाईल. शाळा आम्हाला सात मिनिटांवर आहे. ते मेलं कुलूप काढा ना!"

हिरामात्सुंनी कुसुनोकींकडे बघितलं.

"शाळेत काही झालं तर जबाबदार अधिकारी कोण, हे अजून ठरलेलं नाही," कुसुनोकी पुटपुटले. "तीन वर्षं कागद फिरतोय. त्या चौकोनात शिक्का मारायला कोणी तयार नाही."

सभागृहात असा हशा उठला की कुसुनोकींनाही हसावं लागलं.

"माझं नाव घाला," हिरामात्सु म्हणाले. मग एकदम थांबले आणि वळले. "हात्सुएबाई, तिथवर लाट नाही ना येणार? की हेही मी न वाचताच बोलतोय?"

"पटांगण बावीस मीटर उंचावर आहे," हात्सुए ताडकन म्हणाली. "इमारत मोडकी आहे, आत कोणी जाऊ नये. पण पटांगण पक्कं आहे."

"मग उद्या सकाळी कुलूप काढा."

"पण एप्रिलपासून..." तिला विचारल्यावाचून राहवेना. "साहेब, माझी बेटावरची बदली?"

"तुम्ही बेटावर गेलात, तर हे बावीस मीटर मला कोण सांगणार?"

हात्सुएचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खाली बसली. तिला हसू आवरत नव्हतं. तिकडे उमेनो आजी अजून हिरामात्सुंशी भांडत होती, पटांगणात बसायला बाकं हवीत म्हणून.