निरशा दुधाचं आईस्क्रीम

सांडूआप्पा पैठणच्या एसटीतून उतरले ते एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात आईस्क्रीमचा लाकडी पॉट घेऊन. कंडक्टरनं पॉटचं तिकीट काढायला सांगितलं, तर म्हणाले, "मांडीवर घेतो ना बापा त्याला."

कारण एवढंच, की सून तनुजाच्या पोटात पाचव्या महिन्यातही काही ठरत नव्हतं. भात दिसला की बेसिनकडं धावायची. वजन वाढायचं सोडून दोन किलो उतरलं होतं. मुलानं, सुदर्शननं, फोनवर सांगितलं, "आप्पा, तिला फक्त आईस्क्रीम खावंसं वाटतंय." जत्रेत बारा वर्षं पॉट फिरवलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं?

सुदर्शन वाळूजला कंपनीत गेलेला. घरात सासरा आणि सून, दोघंच. आजवर त्यांचं बोलणं 'चहा घेता का' आणि 'ठेव' यापलीकडं गेलं नव्हतं. आप्पांनी बाल्कनीत बैठक मारली, स्टँडवरून पॉटमध्येच घालून आणलेली बर्फाची लादी अर्धी फोडली, खडेमीठ टाकलं आणि तासभर दांडा फिरवला. खांदा बोंबलत होता. त्याच्याकडं लक्ष कोण देतंय!

"शेजारच्या केसरबाई म्हणतात, गारानं बाळाला सर्दी होते," तनुजा दारातून म्हणाली. "डॉक्टर मॅडम हसल्या. गार खुशाल खा म्हणाल्या. फक्त दूध... दूध तापवलंय ना, आप्पा?"

"तापवल्यावर काय चव राहती, माय? निरसं हाय. पहाटं काढलं, तसंच आणलं." आप्पांनी भरलेली वाटी पुढं केली. "खा."

तिनं वाटी घेतली. चमचा काही उचलेना.

"काय झालं?"

"मॅडम म्हणाल्या, कच्चं दूध नको. उकळलेलं, नाहीतर पाकिटातलं. कच्च्यात जंतू असले तर ते गोठवूनही मरत नाहीत. मला नुसता ताप येईल, पण बाळाला..."

"आमची म्हैस काय आजारी हाय का?" आप्पांचा आवाज चढला. "सुदर्शन हेच पिऊन वाढला!"

तनुजानं त्यांच्या लालबुंद तळव्यांकडं पाहिलं. "एक चमचा खाते, आप्पा. एकानं काय होतंय!"

चमचा ओठांपाशी गेला. डावा हात मात्र आपसूक पोटावर जाऊन बसला. आप्पांनी तो हात पाहिला आणि वाटी हिसकावूनच घेतली.

"ठेव तो चमचा! माझं मन राखायला खाती व्हय? येडी कुठली!"

"तुम्ही एवढं फिरवलंत..."

"फिरवलं तर फिरवलं. हे मी खातो. माझ्या पोटात काय नातू नाय."

तनुजा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

किटलीत लिटरभर दूध उरलं होतं. आप्पांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता; बटण तनुजानं दाखवलं. दूध चांगलं उकळलं, पातेलं गार पाण्यात ठेवून निववलं. पॉटचा डबा, दांडा, चमचे, सगळं आप्पांनी उकळत्या पाण्यानं धुतलं. मग उरलेला बर्फ आणि पुन्हा तोच दांडा. या खेपेला तनुजा समोर पॉट धरून बसली आणि जत्रेतलं एकेक विचारत राहिली.

वाटी संपली. दोघंही बेसिनकडं बघत बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"आप्पा, अजून आहे का?"

आप्पांनी डबाच तिच्यापुढं ठेवला. वर दम दिला, "हळू खा. दात ठणकतील."