तिसरा ग्लास

"तिसऱ्याबद्दल काय म्हणताय, नाकवाले?" मालकांनी विचारलं.

नाकवाल्यांनी ग्लास उगाच दोनदा फिरवला. हॉटेलातली प्रत्येक वाइन आधी त्यांच्या नाकाखालून जायची, म्हणून हे नाव पडलेलं. पण गेल्या महिन्यातल्या तापात वासच गेला होता मेला. परवा दूध करपून घरभर धूर झाला आणि हे शेजारीच बसून पेपर वाचत होते. ते फक्त बायकोला माहीत. बाहेर कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी संपली असती.

टेबलावर कागदात गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस, सँटोरिनी. सगळ्या बेटांवरच्या पांढऱ्या वाइन, कोणती कुठली ते ओळखायचं आणि एक निवडायची. त्यांनी घोट घेतला. जिभेला आंबट लागलं, थोडं खारट. तेवढ्यावर त्यांनी ठोकून दिलं.

"सँटोरिनी. लिंबाची साल, ओला दगड, समुद्राचा वारा. हीच घ्या."

मालक आणि दोन्ही मॅनेजर माना डोलवत लिहायला लागले. वीस वर्षं ते हेच करत आले होते.

"याला कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय," मागे ग्लास पुसणारी बाई तो ग्लास उचलताना म्हणाली. "बूच खराब असणार."

खराब बुचाचा वास ओळखायला तिला नाकवाल्यांनीच शिकवलं होतं, बारा वर्षांपूर्वी, मोरीपाशी उभं राहून. तिचं बरोबर आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"बाईंना सर्दी झाली असेल," ते म्हणाले.

सगळे हसले. मालकांनी तिला आत जायला सांगितलं. उद्यापासून तिने या खोलीत यायचं नाही, हेही सांगितलं.

दुपारी नाकवाले मोरीपाशी गेले. माफी मागायची होती. तिने एक ग्लास त्यांच्या नाकापाशी धरला.

"काय आहे, काका?"

"पाणी."

तिने तो ग्लास शांतपणे व्हिनेगरच्या बाटलीत परत ओतला.

"कधीपासून?"

"तापापासून." त्यांना तिच्याकडे बघवेना. "सांगणार आहेस कुणाला?"

"मी काय सांगणार?" तिने पुढचा ग्लास पुसायला घेतला. "मला सर्दी झालीय ना."