उभ्या होत्या का?

वणव्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या व्हर्लिन केचमच्या सदतीस गायी मी गोळ्या घालून मारल्या. त्याने सांगितले म्हणून मारल्या, हे खरे. पण त्याने सांगितले नसते तरी मी स्वतःहून तसे सुचवले असते. त्यांची खुरे सुटून येत होती, आचळे करपली होती, आणि पाण्याची टाकी वीस पावलांवर असूनही एकही गाय तिथवर जात नव्हती. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जनावरांचा डॉक्टर एकच, आणि त्याला आमच्याकडे पोचायला आणखी दोन दिवस लागणार होते. व्हर्लिन ट्रकमध्ये पाठ फिरवून बसून राहिला. वडिलांच्या नऊ गायींपासून त्याने हा कळप वाढवला होता. बंदूक त्याच्या हाती देण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही.

सरकारची तातडीची मदत जाहीर झाली ती पुढच्या आठवड्यात. वणव्यात मेलेल्या दर जनावरामागे रक्कम मिळणार होती. ती मिळाली तर व्हर्लिन नव्या गायी आणणार होता. न मिळाली तर कुरण विकण्यावाचून त्याला मार्ग नव्हता. अर्जावर शेजाऱ्याची साक्ष लागते. साक्षीदार म्हणून मी व्हर्लिनबरोबर गेलो.

मदतीच्या कार्यालयात अर्ज तपासायला रोवीना होती; आमच्याच चर्चमधली, लहानपणापासून पाहिलेली मुलगी. कुंपणाशी जळून मेलेल्या अकरा गायींचे फोटो तिने लगेच मान्य केले. सदतिसांच्या आकड्यापाशी मात्र तिचे पेन थांबले.

"एल्डनकाका, तुम्ही पोचलात तेव्हा ह्या उभ्या होत्या का? कोसळून पडलेलं जनावर आगीनेच मेलं असं धरता येतं."

प्रश्नच चुकीचा आहे, असे मी म्हणालो. त्यांना आगीने मारले होते. मरण पूर्ण व्हायचे तेवढे राहिले होते, ते मी केले. कारण आणि निमित्त यांतला भेद मी तिला बराच वेळ समजावून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली की, त्या वाचणार नव्हत्या असे डॉक्टरने लिहून दिले असते तर ह्याच सदतीस उभ्या असूनही धरता आल्या असत्या. पण डॉक्टरने त्या जिवंत पाहिल्याच नाहीत.

"मी पाहिल्या ना."

"तुम्ही मारल्यात, काका," ती हळूच म्हणाली.

पेन अजून कागदावर टेकलेले नव्हते. ते टेकावे असे तिलाही वाटत नसावे. पडलेल्या होत्या, एवढे दोनच शब्द पुरणार होते, आणि ते उच्चारायला मी तोंड उघडले.

"उभ्या होत्या," व्हर्लिन म्हणाला. "एकमेकींना टेकून."

तो त्या दिवशी पाठ फिरवून बसला होता, असे मी समजत होतो.

मदत अकरा गायींची आली. तेवढ्यात नवा कळप होणार नव्हता.

एप्रिलमध्ये कॅन्ससहून गवताचे ट्रक आले. वणव्याची बातमी ऐकून अनोळखी लोकांनी ते पाठवले होते. वणव्यात नुकसान झालेल्यांच्या यादीत व्हर्लिनचे नाव होते, म्हणून त्याच्या वाट्याचे साठ गठ्ठे त्याच्या फाटकाशी उतरवले गेले. त्याने मला फोन केला.

"घेऊन जा. परक्या मुलखातलं आहे, तुझ्या गायी नाकं मुरडतील. पण खातील."

"तुझ्याकडेच राहू दे की."

"कोण खाणार? मी?"

माझे कुरण वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होते, एवढ्यानेच माझा कळप वाचला होता. मी तीन खेपा केल्या. कुंपणाचे खांब जळून तारा जमिनीवर पडल्या होत्या. फाटक लोखंडी, म्हणून ते तेवढे उरले होते. शेवटच्या खेपेला माझा ट्रक बाहेर पडल्यावर व्हर्लिनने ते लावले, साखळी अडकवली, आणि नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिले.